लॅपटॉप ‘उडाला’: विंडोज कोसळले की वीज तुटली?

चालू लॅपटॉप अचानक बंद पडला की आपल्याकडे त्याचे निदान दोन शब्दांत होते: ‘विंडोज उडाले.’ दुरुस्तीच्या दुकानातले उत्तरही ठरलेले असते: ‘फॉरमॅट मारून देतो’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकतो. विंडोजने स्वतः काम थांबवले, की विंडोज व्यवस्थित चालू असतानाच यंत्राची वीज तुटली, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग सारखेच असतात, कारण सेव्ह न केलेले काम दोन्हींत जाते. परंतु पहिल्या प्रकारात दोष बहुधा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्राम), रॅम किंवा डिस्क यांच्यात सापडतो, तर दुसऱ्यात तो बॅटरी, चार्जर, पंखा किंवा मदरबोर्डकडे असतो, आणि तिथे दहा वेळा फॉरमॅट केले तरी काही फरक पडत नाही.

पहिल्या प्रकाराला सर्रास ‘ब्लू स्क्रीन’ म्हणतात. विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, अशी चूक आढळते की पुढे चालू राहिल्यास माहिती बिघडण्याचा धोका असतो. तेव्हा कर्नल जाणूनबुजून सर्व काही थांबवते, स्क्रीनवर स्टॉप कोड, म्हणजे चुकीचा प्रकार सांगणारा क्रमांक किंवा नाव, दाखवते, मेमरीतला मजकूर डंप फाइलमध्ये उतरवते आणि यंत्र पुन्हा सुरू करते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले, तो याच जातीचा प्रसंग होता. त्या वेळीही उपाय फॉरमॅटचा नव्हता. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी आवश्यक तेवढ्याच भागांसह विंडोज सुरू करून, सदोष फाइल काढून टाकणे पुरेसे होते. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ही स्क्रीन निळीऐवजी काळी दिसू लागली आहे. त्यामुळे ‘स्क्रीन काळी झाली आणि लॅपटॉप गेला’ एवढ्या वर्णनावरून आता काहीच ठरवता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात विंडोजला निर्णय घ्यायला वेळच मिळत नाही. प्रोसेसर तापला की आधी तो स्वतःचा वेग कमी करतो. अनेक लॅपटॉपांत हे सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास घडते. तापमान त्याही पुढे गेले, तर यंत्रातले संरक्षक सर्किट विंडोजला न विचारता वीज तोडते. जुन्या बॅटरीचेही असेच आहे. ती ४० टक्के दाखवत असली, तरी अचानक भार वाढला की तिचा व्होल्टेज खाली बसतो आणि यंत्र त्या क्षणी बंद होते. अशा वेळी कोड दिसत नाही, डंप फाइल तयार होत नाही आणि यंत्र बहुधा आपले आपण सुरूही होत नाही. बटण दाबावे लागते. याउलट ब्लू स्क्रीननंतर यंत्र सहसा स्वतःच रीस्टार्ट होते, आणि एसएसडी वेगवान असेल तर मधली स्क्रीन क्षणभरच झळकते.

खरा गोंधळ होतो तो यानंतर, इव्हेंट व्ह्यूअर हे विंडोजमधले घडामोडींचे नोंदपुस्तक उघडल्यावर. ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टम’ या भागात दोन्ही प्रसंगांनंतर लाल खुणेची एकच नोंद दिसते: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. नावात ‘पॉवर’ आहे म्हणून अनेक जण थेट नवा चार्जर विकत आणतात. वास्तविक ही नोंद बिघाडाच्या क्षणी होतच नाही. पुढच्या वेळी सुरू होताना विंडोजला कळते की मागच्या वेळी आपण रीतसर बंद झालो नव्हतो, आणि तेवढेच ते लिहून ठेवते. दार उघडे दिसले म्हणून घरात काहीतरी घडले हे कळावे, पण काय घडले ते कळू नये, इतकेच या नोंदीचे मोल आहे.

उपयोगाची माहिती त्या नोंदीच्या ‘डिटेल्स’मध्ये असते. तिथे ‘बगचेककोड’ नावाची ओळ शोधावी. तिच्यापुढे शून्याखेरीज दुसरा आकडा असेल, तर विंडोज स्वतः थांबले होते. हा आकडा दशमान पद्धतीत असतो आणि स्टॉप कोडच्या याद्या सोळाच्या पायावर (हेक्स) असतात, म्हणून विंडोजच्या कॅल्क्युलेटरमधील ‘प्रोग्रामर’ प्रकारात तो बदलून घ्यावा. २७८ चे ११६ होतात, आणि ११६ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला व त्याला पुन्हा मार्गावर आणण्याचा प्रयत्न फसला. १५९ चे ९एफ होतात. झाकण मिटताना किंवा स्लीपमधून उठताना एखादा ड्रायव्हर वेळेत प्रतिसाद देत नाही, तेव्हा बहुधा हा कोड येतो. आकडा शून्य असेल, तर संशय विजेकडे वळवावा.

शून्याला मात्र डोळे मिटून पुरावा मानू नये. लॅपटॉप गोठला आणि आपणच बटण दाबून धरून तो बंद केला, तरीही तिथे शून्यच येते. मग जवळच्या ‘पॉवरबटनटाइमस्टँप’ या ओळीत शून्याऐवजी मोठा आकडा दिसू शकतो. ब्लू स्क्रीनवर टक्केवारी पुढे सरकत असताना घाबरून बटण दाबले, तर डंप फाइल अर्धवट राहते आणि पहिल्या प्रकारचा बिघाड कागदोपत्री दुसऱ्या प्रकारचा दिसू लागतो. हे घरोघरी घडते.

माझ्या मामेबहिणीच्या लॅपटॉपचे असेच झाले. कामाच्या ऐन गर्दीत तो दिवसातून दोन-तीनदा बंद पडू लागला. एका दुकानात फॉरमॅट करून मिळाला, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मी नोंदी पाहिल्या: ४१ क्रमांकाच्या सात नोंदी, सातहींत शून्य, बटणाच्या ओळीतही शून्य आणि डंप फाइली जिथे साठतात तो ‘मिनीडंप’ फोल्डर रिकामा. लॅपटॉप उलटा केला तेव्हा हवेच्या जाळीतून गोधडीचे धागे डोकावत होते. खालचे झाकण काढल्यावर पंखा आणि उष्णता वाहून नेणाऱ्या नळीजवळची पाती यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर निघाला, चिमटीत धरून अखंड उचलता येईल असा. ती अंथरुणावर बसून काम करत असे, इतकेच कारण होते. फॉरमॅटमध्ये तिचे टॅलीचे बॅकअप मात्र गेले.

विजेकडचा संशय पक्का करण्याची एक सोपी रीत आहे. लॅपटॉप सुरू करून बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगच्या, स्क्रीनवरच अर्धा तास ठेवावा. तिथेही तो बंद पडला, तर विंडोज निर्दोष ठरते. बंद पडला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही, कारण बायोसमध्ये प्रोसेसरवर फारसा भार नसतो. त्यानंतर केवळ बॅटरीवर आणि केवळ चार्जरवर (बॅटरी काढता येत असेल तर) चालवून पाहावे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला ‘बॅटरीरिपोर्ट’ हा पर्याय जोडला (powercfg /batteryreport), की बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी मिळते. दुसरी पहिलीच्या निम्म्यावर आली असेल, तर आणखी शोधण्याआधी बॅटरी बदलावी. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, तर मात्र कोणतीही चाचणी करू नये: बॅटरी फुगली आहे, लॅपटॉप बंद करून ती तज्ज्ञाकडून काढून घ्यावी.

ब्लू स्क्रीनचा तपास तुलनेने सोपा असतो, कारण पुरावा मागे राहतो. विंडोजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या सेटिंगमधली आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढावी, म्हणजे कोड वाचायला वेळ मिळतो, ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये त्या तारखेच्या आसपास कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट आले ते पाहावे, आणि डंप फाइल विनडीबीजी (WinDbg) या मायक्रोसॉफ्टच्या तपास-प्रोग्राममध्ये उघडून दोषी ड्रायव्हरचे नाव शोधावे. जागा साफ करणाऱ्या प्रोग्रामांना त्याआधी हात लावू नये, ते याच फाइली पुसून टाकू शकतात.

एक कोड मात्र दोन्ही प्रकारांच्या सीमेवर बसतो. २९२, म्हणजे सोळाच्या पायावर १२४. येथे विंडोज रीतसर थांबते, डंपही लिहिते, परंतु तक्रार प्रोसेसरनेच केलेली असते की हार्डवेअरमध्ये दुरुस्त न होणारी चूक झाली आहे. हा आकडा दिसला, की ब्लू स्क्रीन असूनही स्क्रू ड्रायव्हर हाती घ्यावा आणि सुरुवात पंख्यापासून करावी.