‘अयोग्य’साठी कोणताही इंग्रजी शब्द चालतो?

फॉरवर्ड होणाऱ्या शब्दयाद्यांत ‘अनसूटेबल, इनॲप्रोप्रिएट, अनफिट, इनएलिजिबल: अर्थ एकच’ असं असतं. याद्या फक्त जवळचे शब्द एकत्र ठेवतात, त्यामुळे हा समज सहज होतो. पण ते अदलाबदल करण्याजोगे नाहीत.

आधी विचारा, अयोग्य कशाच्या तुलनेत? कामाच्या गरजेशी जुळत नसेल तर ‘अनसूटेबल’. वयोमर्यादेसारख्या नियमात बसत नसेल तर ‘इनएलिजिबल’. प्रसंगाला न शोभणारं बोलणं, वागणं, कपडे यांसाठी ‘इनॲप्रोप्रिएट’. ‘अनफिट’ तब्येतीसाठी, किंवा खाण्यालायक नसलेल्या अन्नासाठी.

सर्वांत महागात पडतो ‘इनॲप्रोप्रिएट’. अनुभव कमी असलेल्या उमेदवाराबद्दल ‘ही वॉज इनॲप्रोप्रिएट’ लिहिलं, तर तो गैर वागला असाच अर्थ निघतो. तिथे ‘अनसूटेबल फॉर द पोस्ट’ हवं.

पडताळायचं तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा लर्नर्स शब्दकोश उघडा आणि अर्थापेक्षा उदाहरणवाक्यं वाचा: शब्द माणसाला लागतो की वागण्याला, पुढे ‘फॉर’ येतं की ‘टू’. शिवाय शब्दाआधी ‘व्हेरी’ लावून पाहा. ‘व्हेरी अनसूटेबल’ चालतं. ‘व्हेरी इनएलिजिबल’ खटकतं, कारण नियमात माणूस बसतो किंवा बसत नाही.