बनाना क्यू आणि तुरोन: केळे एक, पदार्थ दोन

फिलिपिन्समध्ये दुपारच्या खाण्याला मेरिएन्दा म्हणतात. तीन-साडेतीनच्या सुमारास मनिलाच्या कुठल्याही वस्तीत, बाजाराच्या तोंडाशी किंवा शाळेच्या फाटकाबाहेर, केळीचे पान अंथरलेल्या बांबूच्या पसरट सुपात तपकिरी, चकाकणारी तळलेली केळी मांडलेली दिसतात. त्यांत बहुधा बनाना क्यू आणि तुरोन असे दोन पदार्थ असतात आणि नव्या प्रवाशाला ते हमखास सारखेच वाटतात. दोन्हींत केळे तेच, साखर तीच आणि तळणही तेच, तेव्हा गोंधळ होण्यात नवल नाही.

दोन्हींना लागते ते सबा जातीचे केळे. ते आखूड, जाड, कोनदार कडांचे आणि पिठूळ असते. पिकल्यावरही गर घट्ट राहत असल्याने कडकडीत तेलात त्याचा लगदा होत नाही. आपली वेलची केळी या कामाला उपयोगाची नाहीत. कोकणातील राजेळी मात्र चालून जावीत. फिलिपिन्सचे लालभडक केळ्याचे केचपही याच सबापासून होते आणि त्याचे श्रेय अन्नतंत्रज्ञ मारिया ओरोसा (मृत्यू १९४५) यांना दिले जाते.

बनाना क्यूमध्ये सोललेले केळे अख्खेच तेलात सोडतात आणि त्याच तेलात मूठमूठ तपकिरी साखर टाकतात. कढईजवळ उभे राहून पाहण्याजोगा भाग हाच आहे. साखर आधी तळाशी बसते, मग वितळून तिचे गडद, चिकट थेंब तेलात फिरू लागतात आणि विक्रेती झाऱ्याने केळी सतत हलवत राहिली की ते केळ्यांना जागोजाग चिकटतात. केळी बाहेर काढून निथळल्यावरच दोन-तीन केळी एका बांबूच्या काडीत ओवली जातात. काडी पाहून हा पदार्थ निखाऱ्यावर भाजला असावा असा समज होतो, पण येथे काडी केवळ धरण्यासाठी असते. खरोखर निखाऱ्यावर भाजून, मार्गारीन लावून वर साखर भुरभुरवलेले केळे हवे असेल, तर ते दक्षिणेतल्या मिंडानाओ बेटाकडे गिनांगगांग या नावाने मिळते.

तुरोनमध्ये केळे उभे चिरतात, साखरेत घोळवतात आणि त्याच्याजवळ पिकलेल्या फणसाच्या गऱ्याची एक बारीक पट्टी ठेवून सगळे लुम्पियाच्या पातळ पारीत घट्ट गुंडाळतात. लुम्पिया ही फुजियानहून आलेल्या चिनी लोकांची देणगी आहे आणि मुंबईत स्प्रिंग रोलसाठी वापरतात ती पारी म्हणजे जवळपास हीच. तळताना तेलात टाकलेली साखर या पारीवर काचेसारखी चढते, आतले केळे मात्र तेलाला न भिडता स्वतःच्याच वाफेवर मऊ होते. सगळा फरक या एका पारीने पडतो. बनाना क्यूमध्ये साखरेचा कुरकुरीत थर थेट केळ्यावर बसत असल्याने दाताला आधी कडकपणा आणि लगेच पिठूळ गर लागतो. तुरोनमध्ये पारी कडकन मोडते आणि मग फणसाचा वास घेऊन मऊ केळे येते. माझ्या मते फणसाशिवायचा तुरोन अर्धाच असतो. खर्च वाचवण्यासाठी तो गाळणारे विक्रेते पुष्कळ आहेत, म्हणून घेण्याआधी ‘लांगका?’ एवढे विचारून घ्यावे. फणसाला तेथे लांगका म्हणतात. आंबा, चीज किंवा मुगाचे सारण घातलेले तुरोनही मिळतात, पण पहिल्यांदा खाणाऱ्याने त्यांच्या मागे लागू नये. सबा केळ्याची चव जाणून घ्यायची असेल, तर मी बनाना क्यूकडेच बोट दाखवीन.

दोन्ही पदार्थ कढईतून निघाल्यावर थोडे थांबूनच खावेत, कारण वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेली असते आणि ओठाला चिकटली की सुटत नाही. फार थांबूनही चालत नाही. तेथील दमट हवेत साखर ओलावा शोषून चिकट होते आणि तुरोनची पारी तर आतून केळ्याची वाफ व बाहेरून हवा अशा दोन्ही बाजूंनी मऊ पडून चामट होते. म्हणून सुपात गार झालेल्यांपैकी घ्यायची वेळ आली, तर बनाना क्यू अधिक भरवशाचा.

शाकाहारी प्रवाशाला, मासे आणि मांस यांनी भरलेल्या रस्त्यावर, हे दोन्ही पदार्थ मोठा आधार आहेत. तरी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. लुम्पियाच्या पारीत काही ठिकाणी अंडे घालतात. बनाना क्यूमध्ये तो प्रश्नच येत नाही. दुसरी गोष्ट तेलाची. साखरेने गडद झालेल्या तेलात सहसा दुसरे काही तळले जात नाही, पण शेजारीच फिशबॉलची कढई असेल, तर विक्रेतीला ‘आते’ म्हणजे ताई अशी हाक मारून केळी कोणत्या कढईतली, हे नम्रपणे विचारावे. उत्तर पटले, की ‘इसा पो’ म्हणून एक मागावे.