अमेरिकेच्या दक्षिणेतील शहरे : भोजन, निवास आणि स्थलदर्शन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जी अकरा राज्ये १८६०–६१ मध्ये संघराज्यातून फुटून निघाली, त्यांतील जुन्या शहरांचे पर्यटन हा या नोंदीचा विषय आहे. न्यू ऑर्लीन्स, चार्ल्स्टन, सव्हाना, मेम्फिस, नॅशव्हिल आणि अटलांटा ही त्यांतील विशेष गजबजलेली शहरे होत. यांपैकी बंदरांची शहरे तांदूळ, कापूस व साखर यांच्या व्यापारावर उभी राहिली आणि हा व्यापार गुलामांच्या श्रमांवर चालला. त्यामुळे येथील प्रसिद्ध पदार्थ, प्रवासी ज्या वास्तूंत उतरतात त्या वास्तू आणि पाहण्यासारखी ठिकाणे यांचे मूळ बहुधा एकाच इतिहासात सापडते. तो इतिहास वगळून केलेला येथला प्रवास सुखाचा होईल, पण अर्धवट राहील.

कुठे जेवावे आणि कुठे उतरावे हा प्रश्न या प्रदेशात कृष्णवर्णीय प्रवाशांच्या दृष्टीने दीर्घकाळ जिवावरचा होता. न्यू ऑर्लीन्समधील होमर प्लेसी याने गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या रेल्वेच्या डब्यात बसून केलेल्या कायदेभंगावरून जो खटला उभा राहिला, त्याच्या १८९६ मधील निकालाने सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी व्यवस्थेला मान्यता दिली आणि पुढे उपाहारगृहे, हॉटेले, प्रतीक्षालये, पिण्याच्या पाण्याचे नळ असे सारेच विभागले गेले. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील टपालवाटप करणारे कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका काढली. कृष्णवर्णीयांना कोणत्या गावात जेवण, खोली व पेट्रोल मिळेल, याची यादी तीत असे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने असा भेदभाव बेकायदा ठरविला. अटलांटातील ‘हार्ट ऑफ अटलांटा’ या २१६ खोल्यांच्या मोटेलच्या मालकाने कायद्याला आव्हान दिले, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. ते मोटेल पुढे पाडण्यात आले व त्या जागी आज दुसरे मोठे हॉटेल उभे आहे.

अशा रीतीने दक्षिणेतील काही भोजनस्थाने व निवासस्थाने स्वतःच प्रेक्षणीय स्थळे झाली. उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ या दुकानातील गोऱ्यांसाठी राखीव उपाहार-काउंटरवर जाऊन बसले. त्या इमारतीत २०१० पासून नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. मेम्फिसमधील लॉरेन मोटेल हे कृष्णवर्णीय दांपत्याच्या मालकीचे मोटेल होते व त्याच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. तेथे १९९१ मध्ये राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय उघडण्यात आले. किंग उतरले होते ती ३०६ क्रमांकाची खोली काचेआडून दिसते. बाहेर सज्जाच्या कठड्यावर पुष्पचक्र लावलेले असते आणि खाली त्या काळातील दोन मोटारी उभ्या करून ठेवल्या आहेत. मेम्फिसला येणारे पुष्कळसे प्रवासी गायक एल्विस प्रेस्लीचे ग्रेसलँड हे घर पाहण्यासाठी येतात. एकाच स्थळापुरता वेळ असेल, तर मात्र लॉरेन मोटेल निवडणे श्रेयस्कर.

खाद्यपरंपरेच्या दृष्टीने न्यू ऑर्लीन्सची बरोबरी करणारे शहर या देशात क्वचितच आढळेल. १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसविलेले हे शहर काही दशके स्पेनच्या ताब्यात होते व १८०३ मध्ये ते अमेरिकेकडे आले. फ्रेंच, स्पॅनिश, पश्चिम आफ्रिकी, कॅरिबियन आणि नंतर सिसिलीहून आलेले लोक यांच्या स्वयंपाकाच्या मिश्रणातून येथील क्रिओल पाकपद्धती घडली. ‘गंबो’ हा तिचा मुख्य पदार्थ होय. पीठ तेलात वा लोण्यात मंद आचेवर, कधी कधी पार चॉकलेटी रंगावर येईपर्यंत परततात, त्यात कांदा, सेलरी व ढोबळी मिरची घालतात आणि मग कोळंबी, खेकडा, कोंबडी किंवा सॉसेज घालून दाट रस्सा शिजवितात. तो दाट करण्यासाठी अनेकदा भेंडी वापरतात, जी आफ्रिकेतून गुलामांबरोबर अमेरिकेत पोहोचली. रस्सा भातावर वाढतात. ‘पो-बॉय’ या लांबट पावातील सँडविचचा उगम १९२९ च्या ट्राम कामगारांच्या संपाशी जोडला जातो. पूर्वी ट्रामवर काम केलेल्या मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना ते फुकट खाऊ घातले, असे सांगितले जाते. १८६२ पासूनच्या ‘कॅफे द्यू मोंद’मध्ये चिकोरी घातलेली दुधाळ कॉफी आणि पिठीसाखरेखाली अक्षरशः गाडलेले चौकोनी ‘बेन्ये’ मिळतात. काळे कपडे घालून तेथे जाऊ नये. १९४१ मध्ये सुरू झालेल्या ‘डूकी चेस’ या उपाहारगृहाच्या माडीवरील खोलीत नागरी हक्क चळवळीतील गोरे व काळे कार्यकर्ते कायदा मोडून एकत्र जेवत आणि बैठका घेत.

चार्ल्स्टन व सव्हाना यांच्या किनारी प्रदेशाचे अन्न भाताचे आहे, आणि भात खाणाऱ्या वाचकाला ते विशेष जवळचे वाटेल. खाजणांत बांध घालून भरती-ओहोटीच्या पाण्यावर भातशेती करण्याच्या येथील पद्धतीत पश्चिम आफ्रिकेतील भातउत्पादक भागातून पकडून आणलेल्या लोकांच्या ज्ञानाचा व श्रमांचा मोठा वाटा होता. त्यांचे वंशज असलेल्या गल्ला-गीची समाजाने टोमॅटोतला लाल भात आणि चवळीसारख्या कडधान्याचा ‘हॉपिन जॉन’ हा भात टिकवून ठेवला. मक्याच्या भरडीच्या ‘ग्रिट्स’वर कोळंबी घालून केलेला पदार्थ मुळात कोळ्यांची न्याहारी होता, आता तो महागड्या उपाहारगृहांत मिळतो. सव्हानातील ‘मिसेस विल्क्स’ ही अस्सल खानावळ आहे. अनोळखी माणसे एकाच मोठ्या टेबलाभोवती पंगतीसारखी बसतात, मध्ये भाज्यांची व मांसाची भांडी मांडलेली असतात आणि ती एकमेकांकडे सरकवीत जेवण होते. ती दुपारच्या जेवणापुरतीच उघडी असते आणि रांग बरीच आधी लागते.

शाकाहारी प्रवाशाची या प्रदेशात पंचाईत होते, कारण दिसायला शाकाहारी असलेला पदार्थ तसा असेलच असे नाही. कॉलर्ड ही पालेभाजी, घेवडा आणि न्यू ऑर्लीन्समध्ये सोमवारी करण्याची प्रथा असलेला राजमा-भात या सर्वांत डुकराच्या मांसाचा तुकडा घालण्याची रीत आहे, म्हणून वाढपी मंडळींना स्पष्ट विचारावे. नॅशव्हिलकडील ‘मीट अँड थ्री’ पद्धतीच्या साध्या उपाहारगृहांत एक मांसाचा पदार्थ व तीन भाज्या निवडता येतात आणि भाज्यांच्या यादीत चीज घातलेली मॅकरोनीही गंभीरपणे मोजलेली असते. अटलांटात हा प्रश्न उरत नाही. तेथील भारतीय वस्ती मोठी असून डेकाटूर या लगतच्या उपनगरात दाक्षिणात्य व गुजराती शाकाहारी जेवण सहज मिळते.

निवासासाठी जुन्या शहरांच्या मध्यभागी उतरणे महाग, पण सोयीचे ठरते, कारण चार्ल्स्टन, सव्हाना आणि न्यू ऑर्लीन्सचा फ्रेंच क्वार्टर हे पायी हिंडण्याचे भाग आहेत. अनेक जुन्या घरांतून न्याहारीसह खोल्या मिळतात. चार्ल्स्टनचे घर अरुंद बाजूने रस्त्याकडे तोंड करून उभे असते आणि त्याच्या लांब बाजूला, वारा यावा म्हणून, दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे मजल्यामजल्यावर पडवी असते. उन्हाळ्यात तिचे मोल कळते. येथील हॉटेलांची वास्तूही पाहून घ्यावी. १८२२ मध्ये डेन्मार्क व्हेसी याच्यावर गुलामांच्या उठावाचा कट रचल्याचा आरोप ठेवून त्याला फाशी दिल्यानंतर चार्ल्स्टनने जे शस्त्रागार बांधले, त्यात आज एका हॉटेल-साखळीचे हॉटेल आहे. न्यू ऑर्लीन्समधील सेंट लुई हॉटेलच्या घुमटाखाली माणसांचे लिलाव होत. त्याच्या जागी बांधलेल्या नव्या हॉटेलच्या भिंतीत जुन्या बांधकामाचा तुकडा शिल्लक असून, ‘एक्स्चेंज’ या पुसट शब्दातील ‘चेंज’ एवढीच अक्षरे रस्त्यावरून वाचता येतात. महामार्गांलगतची मोटेले स्वस्त असतात व त्यांतील पुष्कळशी गुजराती कुटुंबांच्या मालकीची आहेत. भारतीय वंशाच्या अशा हॉटेलमालकांची संघटना १९८९ मध्ये अटलांटातच स्थापन झाली.

स्थलदर्शनात सव्हानाचे चौक अग्रगण्य होत. जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ऑगलथॉर्प याने १७३३ मध्ये आखलेल्या नगररचनेतून वाढत गेलेल्या चोवीस चौकांपैकी बावीस टिकून आहेत. १९५४ मध्ये जुनी मंडई पाडून तेथे मोटारतळ केल्यावर नागरिक जागे झाले आणि पुढच्याच वर्षी जतनसंस्था उभी राहिली. चार्ल्स्टनने हे शहाणपण १९३१ मध्येच दाखवून ऐतिहासिक भागाच्या संरक्षणाचा देशातील पहिला नियम केला. तेथील गॅड्सडेन धक्क्यावर, जेथे गुलामांनी भरलेली जहाजे लागत, २०२३ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालय उघडले. न्यू ऑर्लीन्समध्ये सेंट चार्ल्स रस्त्यावरची १८३५ पासूनची ट्राम हीच स्वस्त व उत्तम सहल आहे. सेंट लुई क्रमांक १ या जमिनीवरील थडग्यांच्या दफनभूमीत मात्र २०१५ पासून परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय प्रवेश मिळत नाही. नदीकाठच्या मळ्यांतील वाड्यांच्या सहलींपैकी अनेकींत झुंबरे व ओकची झाडे यांचेच कौतुक अधिक चालते. २०१४ मध्ये खुला झालेला व्हिटनी मळा गुलामांचे जीवन केंद्रस्थानी ठेवतो. अटलांटात किंग यांचे जन्मघर व समाधी असलेल्या परिसरात १९९८ पासून महात्मा गांधींचा पुतळा आहे.

मार्च ते मे हा या शहरांसाठी उत्तम काळ. जून ते सप्टेंबर हवा दमट व उष्ण असते, आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम आहे. ऑगस्ट २००५ मधील कतरिना वादळात न्यू ऑर्लीन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, उंचवट्यावरील फ्रेंच क्वार्टर मात्र बहुतांशी वाचला. मार्दी ग्रा हा उत्सव आणि एप्रिलअखेरीचा जाझ महोत्सव या काळात तेथील खोल्यांचे भाडे कित्येक पटींनी वाढते व आरक्षण काही महिने आधी करावे लागते. मार्दी ग्राच्या मिरवणुका सेंट चार्ल्स रस्त्यावरून जात असताना ट्रामही बंद ठेवलेली असते.