खिडकीला काच नसलेलं संग्रहालय

अहमदाबादेत मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा गावात जुनी पत्रं, छायाचित्रं आणि पुस्तकं जपणारी इमारत बांधायची म्हटलं, की आज पहिला विचार वातानुकूलनाचा होतो. साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय १९६३ मध्ये सुरू झालं. मुंबईत नुकताच स्वतःचा व्यवसाय मांडलेल्या वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तिशीच्या उंबरठ्यावर त्याचा आराखडा केला आणि अख्ख्या इमारतीत खिडकीला कुठेच काच लावली नाही. पर्यावरणस्नेही इमारतींना गुण देणारी प्रमाणपत्रं तेव्हा जन्मालाही आली नव्हती. तरी या विषयावर बोलताना मला सगळ्यात आधी हीच वास्तू आठवते.

रचना अगदी साधी आहे. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद असे चौरस एकमेकांना लागून मांडलेले आहेत. कोपऱ्यांवर विटांचे खांब, खाली दगडी फरशी, वर बहुतेक चौरसांना स्वतःचं कौलारू छप्पर. काही चौरसांना भिंती आहेत, काही ओसरीसारखे मोकळे, काहींवर छप्परही नाही, आणि मधोमध पाण्याचा चौक. खांबांना जोडणाऱ्या काँक्रीटच्या तुळया पन्हळीच्या आकाराच्या आहेत. छपराचा भार त्याच पेलतात, कौलांवरून उतरणारं पावसाचं पाणी त्याच वाहून नेतात, आणि पुढे संग्रह वाढला तर नवा चौरस जोडायची सोयही त्यांच्यातच आहे. एकाच घटकाकडून तीन कामं करून घेणं ही साधनसामग्री वाचवण्याची फार अस्सल पद्धत आहे. तिची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

काच टाळल्यामुळे काय साधलं? सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो, फरशी आणि भिंती तापवतो. तापलेल्या वस्तू ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकतात, पण त्या लांब तरंगलांबीच्या किरणांना काच सरळ पार होऊ देत नाही. शिवाय गरम हवाही आतच कोंडते. म्हणजे आधी ऊन आत घ्यायचं आणि मग वीज खर्चून ते बाहेर काढायचं. कोरियांनी काचेऐवजी उघडमीट करता येणाऱ्या लाकडी झडपा बसवल्या. त्यांच्या तिरक्या पट्ट्यांमधून वारा येतो, थेट ऊन अडतं आणि प्रकाश मवाळ होऊन आत पसरतो. कागदासाठी हे महत्त्वाचं आहे. जुन्या कागदावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू नये असं जुन्या वस्तू जपणारे संवर्धक सांगतात, तर भर दुपारच्या उघड्या उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. प्रकाशाने केलेली इजा साचत जाते. उडालेली शाई अंधारात ठेवली म्हणून परत येत नाही.

आता पाण्याचा चौक. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच इथे घडतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेएवढी ऊर्जा. पण त्यासाठी हवा कोरडी लागते. अहमदाबादच्या एप्रिल-मेमध्ये ती असते, जुलैत नसते. चौकातल्या पाण्याने सगळी इमारत थंड होते असंही नाही; गारवा जाणवतो तो आसपासच्या हवेत. माझ्या मते खरं काम सावली करते. ओसऱ्यांमुळे आतल्या भिंतींवर थेट ऊन पडत नाही. विटा आणि दगड तापायला वेळ घेतात, आणि रात्री निरभ्र आकाशाखाली उघडे चौक झपाट्याने निवतात.

पण कागद जपायचा तर हवा स्थिर नको का? हवी. दमट हवेत बुरशी धरते, कसर लागते. फार कोरड्या हवेत कागद ठिसूळ होतो. सगळ्यात वाईट म्हणजे आर्द्रतेचे झटपट चढउतार. म्हणूनच जगभरातल्या संग्रहालयांनी अनेक दशकं बारा महिने एकच तापमान आणि एकच आर्द्रता राखण्याचा आग्रह धरला, आणि त्यासाठी अहोरात्र यंत्रं चालवली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय संवर्धक संघटनांनी एका संयुक्त जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं, की संग्रहाची काळजी घेताना वातानुकूलन गृहीत धरू नये. स्थानिक हवामानात जमतील असे निकष ठेवावेत आणि साधे, कमी ऊर्जेचे उपाय आधी पाहावेत. काटेकोर हवा सगळ्या वस्तूंना लागत नाही, आणि वस्तू बघत फिरणाऱ्या माणसांना तर नाहीच. साबरमतीला संग्रहासाठी भिंतींनी बंद केलेल्या मोजक्या खोल्या आहेत, बाकी वावर मोकळ्या हवेत. नियंत्रण हवं ते घनफळच लहान ठेवलं, की यंत्र लागलं तरी छोटं लागतं.

सॅन फ्रान्सिस्कोची कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस ही इटालियन वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांनी आखलेली, २००८ मध्ये खुली झालेली इमारत हिरव्या संग्रहालयांमध्ये नेहमी पुढे असते. सुमारे एक हेक्टरच्या छपरावर स्थानिक झाडं, भिंतींत जुन्या जीन्सच्या कापडाचा उष्णतारोधक भराव, कडेने सौरघट. देखणं आणि विचारपूर्वक केलेलं काम आहे. पण ते बारमाही थंडगार शहरासाठी आहे, आणि तसं छप्पर पेलायला भक्कम सांगाडा लागतो.

आपल्याकडे साबरमतीचीही जशीच्या तशी नक्कल चालणार नाही. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जाड भिंती, सावलीचे चौक आणि पाणी उपयोगी पडेल. रत्नागिरीत मात्र पाण्याचा चौक आधीच दमट असलेल्या हवेत भर घालेल. तिथे उंच कौलारू छप्पर, लांब वळचण, समोरासमोरच्या झडपांतून आरपार वारा आणि नाजूक कागदांसाठी ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलेल्या घट्ट बंद पेट्या हा मार्ग जास्त बरा. जिल्ह्याच्या गावी नवं संग्रहालय उभारताना पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून काचेची भिंत लावण्याआधी, तिथली वर्षभराची आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा वास्तुरचनाकाराच्या टेबलावर असायला हवी.