भुंकण्यावर लक्ष ठेवणं (घरी कोणी नसताना)

घरात माणूस नसताना कुत्रा कधी, किती वेळ आणि कशापायी भुंकतो हे रेकॉर्डिंग करून किंवा कॅमेऱ्यावर बघून शोधणं म्हणजे भुंकण्यावर लक्ष ठेवणं. ही भानगड सुरू होते ती बहुतेक वेळा शेजाऱ्यांमुळे. शेजारी म्हणतात दिवसभर बोंबलत असतो, मालक शपथेवर सांगतो आमचा एकदम गरीब आहे हो, आणि गंमत म्हणजे खोटं कोणीच बोलत नसतं कारण मालकासमोर तो गरीबच असतो. दाराबाहेर चोरून उभं राहून कानोसा घेऊन फारसा उपयोग नाही, कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं (माणसाला २०,०००), वर नाक आहेच, त्यामुळे तुम्ही गेलाच नाहीत हे त्याला कळतं.

सगळ्यात सोपं म्हणजे जुना फोन. रेकॉर्डर चालू करून, फ्लाइट मोडवर टाकून (नाहीतर मधेच कॉल येतो आणि बोंब होते) कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर ठेवायचा, पंखा आणि फ्रिजपासून लांब. मग ती फाइल ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, आठ तास ऐकत बसायची गरज नाही, आवाजाचा आलेखच सगळं सांगतो. आधी कुलूप लावल्याचं एक बारीक टोक, मग सपाट रेघ, दोन-तीन मिनिटांनी तीच रेघ जराशी जाड झाली की ती कुईकुई, आणि त्यापुढे फणीच्या दातांसारखी एकामागे एक टोकं उभी राहिली की भुंकणं.

किती वेळा भुंकला यापेक्षा कधी सुरू झाला हे जास्त कामाचं, आणि लोक नेमकं तेच लिहून ठेवत नाहीत. एकटं पडायची भीती असलेला, म्हणजे सेपरेशन अँग्झायटीवाला कुत्रा बहुतेक वेळा मालक गेल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो. तीन तास शांत राहून बेल वाजल्यावर भुंकला तर तो राखण करतोय, त्याचा इलाज वेगळा. आवाजातही फरक असतो. सोफिया यिन आणि ब्रेंडा मॅकोवन यांनी २००४ साली छापलेल्या अभ्यासात १० कुत्र्यांचं ४,६७२ वेळा भुंकणं तपासलं होतं, त्यात बेल वाजवणाऱ्या अनोळखी माणसावरचं भुंकणं जाडं, खरखरीत निघालं आणि एकटं ठेवल्यावरचं जास्त उंच पट्टीतलं. थोडं ऐकलं की आपल्यालाही ते कळायला लागतं.

डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपवर फार विसंबू नये. फोनचा माईक त्यासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे आजचा आकडा कालच्याशी लावून बघायचा, तोही फोन त्याच जागी असेल तरच. शिवाय १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट होते पण कानाला साधारण दुप्पटच वाटतं, हे माहीत नसलं की नुसत्या आकड्यांवरून भांडणं होतात.

कॅमेरा घेतला तर येरझाऱ्या, लाळ गळणं, दार ओरबाडणं हे सगळं दिसतं. त्याच्या आवाजाच्या अलर्टमध्ये मात्र रस्त्यावरचे हॉर्न आणि दुसऱ्यांचे कुत्रेही मोजले जातात, त्यामुळे दिवसाला चाळीस अलर्ट आले म्हणून घाबरून जाऊ नका, आधी ऐका. कॅमेऱ्यातून बोलायची सोय असते तिचा मोह आवरलेला बरा. काही कुत्रे आवाज ऐकून गप्प होतात, काही माणूस दिसेना म्हणून दारापाशी अजून सैरभैर होतात, आणि भुंकला की लगेच बोललात तर भुंकलं की मालक येतो हा धडा तुम्हीच शिकवला. भुंकल्यावर आपोआप शॉक देणारे पट्टे तर घाबरून भुंकणाऱ्या कुत्र्याला अजून घाबरवतात.

एका दिवसाच्या रेकॉर्डिंगवरून काही ठरवू नये, चार-पाच दिवस तरी बघावं, सुट्टीचा दिवस वेगळा. आणि आलेखात सपाट रेघ दिसली म्हणजे कुत्रा झोपलाच असं नाही, काही कुत्रे आवाज न काढता तासन् तास दाराच्या फटीला नाक लावून जागे पडलेले असतात, ते फक्त व्हिडिओत दिसतं.