पर्यावरणपूरक स्वच्छता

घर किंवा कार्यालय साफ करताना तिथे राहणाऱ्यांच्या व साफसफाई करणाऱ्यांच्या आरोग्याला, आणि सांडपाणी ज्या जलाशयात मिसळते त्यालाही, कमीत कमी अपाय व्हावा अशा बेताने साधने व पद्धती निवडण्याची रीत. साधन नैसर्गिक आहे की कृत्रिम, एवढ्यावरून त्याची निवड करता येत नाही. संत्र्याच्या सालीतले लिमोनीन हे सुगंधी द्रव्य नैसर्गिकच असते. पण बंद खोलीतल्या ओझोनशी त्याची अभिक्रिया झाली की फॉर्माल्डिहाइड हा अपायकारक वायू तयार होतो.

या विचाराला चालना मिळाली ती नद्यांवर तरंगणाऱ्या फेसामुळे. १९५०च्या दशकात लोकप्रिय झालेल्या प्रक्षालकांतील (डिटर्जंटमधील) फांद्या असलेल्या रेणूंचे जीवाणूंकडून सहज विघटन होत नसे. १९६०च्या दशकात सरळ साखळीचे रेणू वापरात आले आणि फेस ओसरला. पुढे प्रक्षालकांतल्या फॉस्फेटचा प्रश्न आला. त्यामुळे पाण्यात शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात.

प्रत्यक्ष सफाईत मळ कोणता, हे आधी पाहावे लागते. तेलकट थरावर साबण किंवा सौम्य अल्कधर्मी द्रावण चालते. नळावरचा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो सुमारे ५ टक्के ॲसिटिक आम्ल असलेल्या व्हिनेगरने किंवा सायट्रिक आम्लाने विरघळतो. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटचाच, म्हणून तेच व्हिनेगर त्याची चकाकी घालवते. खाण्याचा सोडा सौम्य घासणी म्हणून उपयोगी आहे. मात्र सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून जो फसफसाट होतो, तो बघायलाच छान: दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते बव्हंशी सोडियम ॲसिटेटचे पाणी.

घरगुती मिश्रणांचा खरा धोका निराळाच आहे. ब्लीचमध्ये आम्ल पडले तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया पडला तर क्लोरामाइने तयार होतात. दोन्ही फुप्फुसांना घातक. एक साधन वापरून झाल्यावर पृष्ठभाग पाण्याने नीट धुतल्याशिवाय दुसरे वापरू नये. व्हिनेगरसारखे ‘सौम्य’ साधनही याला अपवाद नाही.

निर्जंतुकीकरण हे सफाईहून वेगळे काम आहे. साबण-पाण्याने मळासोबत बरेचसे जंतूही निघून जातात, त्यामुळे दररोज सगळीकडे जंतुनाशक फवारण्याची गरज नसते. जिथे गरज असते, तिथे आधी मळ काढावा लागतो आणि वेष्टनावर दिलेल्या वेळेपर्यंत पृष्ठभाग ओला ठेवावा लागतो. घाईने लगेच पुसून घेतले तर जंतुनाशक वापरूनही काम अर्धवटच होते. हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन होऊन पाणी व ऑक्सिजनच उरतो, म्हणून अनेक ठिकाणी त्याला पसंती मिळते.

कार्यालयांत सफाईच्या रसायनांशी सर्वाधिक संपर्क येतो तो सफाई कर्मचाऱ्यांचा. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठातील संशोधकांच्या नेतृत्वाखालील, २० वर्षांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी किंवा व्यवसाय म्हणून सफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसक्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटल्याचे त्यात दिसले. फवाऱ्याऐवजी ओले फडके, सुगंधरहित द्रावण आणि उघड्या खिडक्या हे उपाय म्हणूनच महागड्या बाटलीपेक्षा मोलाचे ठरतात. प्रवेशद्वाराशी लांब पायपुसणी टाकली तर धूळ आत येण्याआधीच अडते.

खरेदीसाठी जर्मनीतील ब्लू एंजल (१९७८), नॉर्डिक देशांतील हंस चिन्ह (१९८९) आणि युरोपीय संघाचे इकोलेबल (१९९२) यांसारखी प्रमाणचिन्हे उपयोगी पडतात. मात्र दाट द्रावण अंदाजाने ओतले, तर प्रमाणित मालाचाही अपव्यय होतो. तो टाळण्यासाठी मापाचे झाकण वापरणे सोयीचे.