दगडावर जिंतूर, पुढे औसा!

परभणीकडच्या एका ओळखीच्या घरात वडलांना रक्ताचा कर्करोग निघाला आणि मुलीची ठरत आलेली सोयरीक पाहुण्यांनी लांबणीवर टाकली. रिपोर्टात 'गुणसूत्रांत बदल' असं लिहिलं होतं. "डीएनएत आहे म्हंजे पोरीतबी उतरलंच की!"

हिशोब साफ चुकीचा. या आजारात, सीएमएलमध्ये (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार), अस्थिमज्जेतल्या एका पेशीत ९ आणि २२ क्रमांकाची गुणसूत्रं तुटतात आणि त्यांच्या शेपट्यांची अदलाबदल होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते आखूड २२ वं गुणसूत्र १९६० साली दिसलं. ही अदलाबदल आहे, हे अमेरिकी संशोधक जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. सांध्यावर बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं. त्याचं प्रथिन म्हणजे चालूच राहिलेलं बटण. पेशी वाढतच सुटते.

ही ओळखीची अदलाबदल साध्या चाचण्यांतही सापडते. अनोळखी मोडतोड शोधायला मात्र सिक्वेन्सिंग (डीएनएची रासायनिक अक्षरं वाचणं) लागतं, आणि खरी गंमत तिथंच आहे. ३०० कोटी अक्षरं यंत्र सलग वाचत नाही. डीएनएचे साधारण ४०० अक्षरांचे तुकडे करायचे, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांची १५०-१५० अक्षरं वाचायची आणि ती मानवी जनुकसंचाच्या नकाशावर कुठं बसतात ते पाहायचं. परभणी-जिंतूर रस्त्याचा चार किलोमीटरचा तुकडा उचलून आणलाय असं समजा. एका टोकाच्या दगडावर 'जिंतूर ३०' असेल तर दुसऱ्यावर 'जिंतूर २६' हवं. तिथं 'औसा १२' निघालं, तर लातूरकडचा रस्ता इथं आणून जोडलाय. 'जिंतूर ५' निघालं, तर मधला रस्ताच गायब. दगडाचं तोंड उलटं असेल, तर तेवढा पट्टा उचलून उलटा बसवलाय. आणि एखाद्या वाचनातच अर्धी अक्षरं ९ ची, अर्धी २२ ची आली, तर नेमका सांधाच हाती लागतो.

पण एका तुकड्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. नमुना तयार करताना भलतेच तुकडे एकमेकांना चिकटतात. शिवाय जनुकसंचात पुनरावृत्त मजकूर भरपूर. पिंपळगाव नावाची पाटी वाचून कोणतं पिंपळगाव ते कळतंय का? म्हणून वेगवेगळे अनेक तुकडे तेच सांगायला हवेत. सोबत त्याच रुग्णाच्या निरोगी पेशी, उदाहरणार्थ त्वचेच्या, वाचतात. सांधा तिथं नसेल, तर बिघाड आईबापांकडून आलेला नाही, नंतर त्या पेशीत घडलेला. शुक्राणूतून पोरीत जाण्याचा प्रश्नच नाही. सीएमएलचं असंच असतं.

'डीएनए शुद्ध करणारा काढा' विकणाऱ्यांनी हेही ऐकावं: इमॅटिनिब या सीएमएलवरच्या औषधाची गोळीसुद्धा सांधा उसवत नाही. ती त्या प्रथिनाच्या खोबणीत बसून बटण बंद ठेवते, एवढंच.

पाहुण्यांना हे सगळं दगडांसकट सांगितलं. "समजलं," म्हणाले, "पण पोरीचं रक्त एकदा तपासून घ्यावं म्हणतो."